बारा दिवस वर

लातूर नवा जिल्हा झाला त्याला तिसरं वर्ष लागलं होतं, आणि चाकूरकडच्या खेड्यांत सलग दुसऱ्या साली पेरलेलं हाती आलं नव्हतं. सिंधु पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. नवरा मन्मथ लातुरात नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई लागला होता. तिथंच खोली करून राहायचा, पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी गावी यायचा. घरी सासू पार्वतम्मा आणि तीन लेकरं.

पाळी यायच्या चार-पाच दिवस आधी सिंधुची छाती दुखायची. ही खूण तिला लग्नाआधीपासून ठाऊक होती. या खेपेला छाती भरून आली, ठणकायला लागली, पाटी चढवायला हात वर केला की कळ काखेत जायची. पण पाळी आली नाही. चार दिवस गेले, आठ गेले. तिन्ही लेकरांच्या वेळी छाती अशीच दुखली होती हे तिला आठवलं आणि भाकरीचा घास तोंडात फिरायला लागला.

दुसऱ्या बाईला एवढी धास्ती वाटली नसती. पण धाकटं झाल्यावर मन्मथनं कॅम्पात नसबंदी करून घेतली होती. त्याला सव्वा वर्ष झालं होतं आणि गावाला ते माहीत होतं. नवरा लातुरात, बायको दिवसभर तलावावर शंभर माणसांत. लोक काय बोलतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

टँकरचं पाणी पार्वतम्मा स्वतः मोजून द्यायची. पाळीच्या दिवसांत सिंधु कपडे धुवायला एक घागर जास्त मागायची. बाराव्या दिवशी सासूनं चुलीपुढं बसल्या बसल्या विचारलं, "या महिन्यात पाणी मागितलं न्हाईस."

सिंधुनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"शनिवारी मन्मथ येतोय. त्याच्या आधी काय ते मला सांग."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. त्या रात्री सिंधु आडवी झाली, पण छातीच्या ठणक्यानं कुशीवर वळवेना. सकाळी तिनं उपकेंद्रातल्या नर्सबाईला गाठलं. लघवी तपासली की कळतं, पण ती सोय लातूरच्या मोठ्या दवाखान्यातच आहे, असं नर्सबाई म्हणाली. सिंधुनं त्या दिवसाची हजेरी बुडवली, लेकरं वेगळं बिऱ्हाड असलेल्या जावेकडं सोडली आणि एसटी धरली.

लातुरात उतरल्यावर तिचे पाय अडले. नवऱ्याला न सांगता तपासायचं आणि खरं निघालं तर? मग कुणीच तिचं ऐकलं नसतं. ती दवाखान्याची वाट सोडून कचेरीकडं वळली.

मन्मथ फायलींचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यात उभा होता. तिला पाहून तो घाबरला, आधी लेकरांचंच विचारलं. त्याला लिंबाखाली नेऊन तिनं खाली बघत सगळं सांगितलं. दुखणं, बारा दिवस, सासूचं बोलणं. मग मान वर केली.

"माझ्याकडनं काही वावगं झालेलं न्हाई. तुमचा इश्वास नसंल तर आत्ता सांगा."

तो बराच वेळ गप्प होता.

"ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तपासायला या, असं डॉक्टर म्हणले होते," तो अखेर बोलला. "मी गेलोच न्हाई. लाज वाटली. ते असंल तर माझंच हाय."

साहेबांना सांगून तो तिच्यासोबत दवाखान्यात आला. बायकांच्या रांगेत तो एकटाच गडी, तरी बाहेर गेला नाही. दोन तासांनी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. दिवस गेलेले नव्हते. तिचं वजन बघून बाईंनी खाण्याचं विचारलं. सिंधुनं सांगितलं, एक वेळची भाकरी ती लेकरांना घालते. बाई म्हणाल्या की ओझ्याचं काम आणि अर्धपोट राहणं यानंही पाळी लांबते. छाती दुखतेय ती पाळीआधीची असावी. आठ दिवसांत आली नाही तर परत या, छातीत गाठ लागली तर लगेच या.

बाहेर येऊन सिंधु पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मन्मथ शेजारी बसून राहिला.

शनिवारी गावी आल्यावर जेवायच्या आधीच त्यानं आईला समोर बसवलं. सिंधुला दिवस गेलेले नाहीत, ऑपरेशननंतरची तपासणी आपणच चुकवली होती, तिला एक शब्द बोलायचा नाही, आणि यापुढं तिनं दोन्ही वेळा जेवायचं, हे त्यानं सरळ सांगितलं. पार्वतम्मानं ऐकून घेतलं. चूक झाली असं ती म्हणाली नाही, पण त्या रात्री पहिली भाकरी तिनं सिंधुच्या ताटात टाकली.

सोमवारी कामावर असतानाच पाळी आली आणि छातीचा ठणका उतरत गेला. त्याच आठवड्यात मन्मथ तपासणीला जाऊन आला. ऑपरेशन नीट झालेलं होतं. सिंधुनं निरोप ऐकला आणि मान हलवली. तिच्या मनात मात्र लिंबाखालची ती गप्प घटका पुढं कित्येक वर्षं राहिली. तो बोलला नसता तर आपण कुठं गेलो असतो, असं तिला मधूनच वाटायचं.