खोबरेल लावलेले छर्रे

नोव्हेंबर १९९७, महिन्यातला पहिला शनिवार, सकाळ. हजर: मी, माझी पत्नी, शेजारच्या बाई आणि बाईंचा म्हातारा कुत्रा. गैरहजर: आमची मुलगी, कारण शनिवारी तिला लवकर उठवायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं. स्थळ: अमेरिकेत, अल्फारेटात बाईंच्या घरामागचं आवार. तिथे बाईंनी गवताच्या गठ्ठ्यावर कागदी डिश टाचली होती आणि तिच्यावर क्वार्टरचं, म्हणजे पंचवीस सेंटचं, नाणं ठेवून पेन्सिलीने गोल काढला होता.

अट सरळ होती. पत्नीने जमिनीवर बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, एअर रायफलचे पाच छर्रे त्या गोलात बसवायचे. बसले तर बाई तिला त्यांच्या भावाच्या रानात खारींच्या शिकारीला नेणार. नाही बसले तर नाही. त्यानंतर बाई हिवाळ्यापुरत्या बहिणीकडे फ्लोरिडाला जाणार होत्या, म्हणजे यंदाचा विषय संपला.

"खारीचं डोकं एवढंच असतं," बाईंनी नाणं दाखवत सांगितलं. "डोक्यात बसला तर तिला कळतसुद्धा नाही. पोटात बसला तर ती ढोलीत शिरते आणि तिथे तडफडून मरते. मला तसली शिकार नको आणि तसला जोडीदारही नको."

बाई पासष्टीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. दर नोव्हेंबरात त्या एकदा तरी रानात जायच्या. या वर्षी त्यांनी पत्नीला विचारलं, त्याचं कारण एवढंच की सप्टेंबरात त्या आवारात डबे मांडून नेमबाजी करत असताना पत्नी कुंपणापाशी उभी राहून बघत होती. बाईंनी विचारलं, "कधी चालवली आहेस?" पत्नी म्हणाली, "बलून्स, मॅम. ओन्ली बलून्स." मग तिने कुंपणावरून रायफल घेतली आणि ओळीने सगळे डबे पाडले. भंडाऱ्याकडच्या जत्रेत फुगे फोडण्याच्या स्टॉलवर तिचं बालपण गेलं होतं. फुगेवाला तिला लांबून बघितलं की बंदूक उचलून ठेवायचा, असं तिचा भाऊ अजून सांगतो.

आम्हाला या देशात येऊन पाच वर्षं झाली होती. माझ्या व्हिसावर मला काम होतं. तिच्या व्हिसावर तिला काम करायला मनाई होती. आमच्याकडे येणारं प्रत्येक आमंत्रण मला असायचं आणि ती सोबत असायची: ऑफिसच्या पार्ट्या, सत्यनारायण, कुणाचं तरी ग्रॅज्युएशन. बाईंनी मात्र तिला एकटीला बोलावलं होतं. तिने आनंद बोलून दाखवला नाही, पण शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स तिने माझ्या आधी शोधून काढला. परवाना, नियमपुस्तिकेत एअर रायफल चालते का ते बघणं, तिच्यासाठी एक रायफल, नारिंगी जाकीट, ही कामं माझ्याकडे आली. मी ती वेळेत पुरी केली.

तर त्या शनिवारी. पत्नीने नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणली, मागच्या तोंडात छर्रा बसवला, नळी सरळ केली, नेम धरला. एअर रायफलचा आवाज एरवी टाळी वाजवल्यासारखा. हा दिवाळीतल्या लवंगीसारखा आला. नळीतून धूर निघाला. कुत्रा उठून पायऱ्यांखाली गेला. डिशवर काहीच नव्हतं. छर्रा वरून कुठेतरी निघून गेला होता.

बाईंनी नाक वर केलं. "खोबऱ्याची कुकी कुणी जाळली?"

दुसरा छर्रा, तोच आवाज, डिशच्या कडेला भोक. तिसरा खाली. बाईंनी हात पुढे करून छर्‍यांचा डबा मागितला आणि त्यात बोट घातलं. सगळे छर्रे पांढऱ्या, घट्ट तुपासारख्या थरात चिकटून बसले होते.

"हे काय आहे, हनी?"

"ऑइल, मॅम. तुम्हीच सांगितलं होतं. लिटल ऑइल."

बाईंनी सांगितलं होतं हे खरं. छर्रे शिशाचे असतात. धुवावेत, वाळवावेत आणि वाटलं तर अगदी नावाला हलक्या तेलाचं बोट लावावं, म्हणजे शिसं नळीला कमी चिकटतं. कुठलं तेल ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या घरात हा प्रश्न कधी पडतच नाही. डोक्याला, दाराच्या बिजागरीला, शिलाई मशीनला, करकरणाऱ्या स्ट्रोलरला, सगळ्याला निळ्या बाटलीतलं खोबरेल. आणि "नावाला" हे आमच्याकडे तेलाच्या बाबतीत मोजमाप नाही. तिने चांगली वाटीभर ओतून छर्रे हलवले होते. स्वयंपाकघरात ते चकचकीत दिसत होते. नंतर डबा गॅरेजमध्ये गेला, तिथे थंडी होती, आणि खोबरेल गोठलं. रायफलमध्ये हवा दाबली जाताना तापते, त्या उष्णतेने ते तेल पेटत होतं. म्हणून तो आवाज, म्हणून तो धूर.

"अहो, हसू नका," ती मला म्हणाली. मी हसत नव्हतो. बाई हसत होत्या.

हसणं संपल्यावर त्यांनी रायफल तिच्याच हातात ठेवली. "पुढच्या शनिवारी उजाडताना निघायचं आहे. त्याआधी इथे परत पाच मार. बसले तर चल. आणि हनी, केसांचं तेल केसांना."

पुढचा आठवडा मी जवळून बघितला, आणि तो आठवला की मला अजून कौतुक वाटतं.

रविवारी तिने नळीतून कापडाचे तुकडे ओढून ओढून खोबरेल काढलं. बाईंच्या सांगण्यावरून कोरडे, जुने छर्रे गवतात उडवत राहिली, जोवर धूर आणि वास थांबत नाही तोवर. मुलगी खिडकी उघडून ओरडली, "मॉम, द होल यार्ड स्मेल्स लाइक आजी!" तिने पुढचा छर्रा भरला.

मग कुठले छर्रे घ्यायचे हा प्रश्न. दुकानातून मीच आणले होते, आणि मी डब्यावरचं वाचून आणले होते: टोकदार, कारण त्यावर शिकारीसाठी असं लिहिलं होतं. पत्नी म्हणाली, "एकच प्रकार आणून कसं कळणार?" मी परत गेलो आणि चपट्या डोक्याचे, गोल डोक्याचे, हलके, जड असे वेगवेगळे डबे आणले. आकार सगळ्यांचा डमरूसारखा: पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे परकरासारखा घेर. उडताना हवा तो घेर फुलवते आणि छर्रा नळीला घट्ट बसतो. म्हणून तो घेर चेमटलेला असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

तिने प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र डिश दिली आणि खाली नाव लिहिलं. टोकदार छर्‍यांच्या डिशवर ठिपके असे पडले की जणू कुणी रांगोळी काढायला घेतली होती आणि मध्येच फोन आला. चपटे जवळून छान, लांबून भरकटलेले. जड आणि गोल डोक्याचे मात्र एकात एक घुसले. ते बघायला बाई कुंपणापाशी आल्या.

"टोक बघून माणसं घेतात," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. "खार कुठे टोक बघते?"

"पण दुकानदार म्हणाला होता..." मी म्हणालो.

"दुकानदार ही नळी ओळखतो का?" हे पत्नी मराठीत म्हणाली. "नळीचं सासूसारखं असतं. आपल्याला काय आवडतं ते नाही, तिला काय रुचतं ते वाढायचं."

बाईंनी भाषांतर मागितलं. मी केलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या सासूला काहीच रुचत नसे.

प्रकार ठरला. आता निवडणं. इथे माझी मदत अशी की मी पत्रं तोलायचा छोटा काटा आणला, ज्याच्यावर एक छर्रा ठेवला तर काटा हललासुद्धा नाही. मी तो परत नेऊन ठेवला. पत्नीने स्टीलचं सपाट ताट काढलं. शिसं विषारी, म्हणून ते ताट त्या दिवशी स्वयंपाकघरातून कायमचं गेलं. मुलीने त्याच्या पाठीवर टेप चिकटवून मार्करने मोठ्या अक्षरांत 'नॉट फॉर फूड' लिहिलं. गॅरेजमध्ये जुनं पांघरूण घालून पत्नी बसली. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, छर्रे घालून हळूच हलवायचे, काळं पाणी ओतायचं, परत. जुन्या सुती ओढणीवर पसरून वाळवायचे. घासायचं नाही, कारण घेर मऊ असतो.

वाळल्यावर थोडे थोडे ताटात. ताट किंचित तिरपं करायचं. डमरू सरळ गडगडत नाही. डोक्याभोवती वळण घेत जातो. चांगले छर्रे सगळे एकाच वळणाने जाऊन कडेला एका जागी जमत. घेर वाकडा असलेला अडखळे, किंवा दुसरीकडेच जाई. ती ताट डोळ्यांसमोर धरून डाळ निवडावी तसं ते सगळं बघे आणि चुकार छर्रा नखाने बाजूला काढी. मी तिच्या शेजारी बसून तेच करून पाहिलं. मला सगळे सारखेच दिसत होते.

"हा कशाने बाद?" मी विचारलं.

"शेवटी जरा मान हलवली त्याने."

त्यातून उरलेले ती एकेक करून रिकाम्या रायफलच्या तोंडाशी अंगठ्याने लावून बघे. काही सहज आत घसरत, काही अडत. घसरणारे बाहेर, अडणारे बाहेर. अंगठ्याला एकसारखा दाब देणारे तेवढे ठेवले. एका डब्यातून मूठभर छर्रे निघाले. ते तिने कापसाचा थर घातलेल्या, औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवले. तेल? कुठलंच नाही. कोरडे.

आणि मग हात साबणाने कोपरापर्यंत धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही.

शनिवारी उजाडायच्या आधी आम्ही पुन्हा बाईंच्या आवारात. बाईंची पिकअप गठ्ठ्यावर दिवे रोखून गरम होत उभी होती. थर्मास, पिशवी, सगळं भरून तयार. पत्नी बसली. पहिला छर्रा गोलाच्या जेमतेम बाहेर. मग पाच, एकापाठोपाठ एक, सगळे आत. बाईंनी नाणं नेऊन डिशवर ठेवलं. ते पाच त्याखाली झाकले गेले.

"पहिला सोड. थंड नळी होती, सगळ्यांचाच तसा जातो," बाई म्हणाल्या. "बस गाडीत."

पत्नी उठली नाही.

"मॅम, रानात तर पहिलाच असतो."

मला वाटलं, कशाला आता? दार उघडं आहे, बस ना. मी तसं म्हणालोही: "अगं, त्या हो म्हणतायत!"

"त्या म्हणतायत. मी अजून म्हटलेलं नाही."

तिने नवी डिश लावली. रायफल मांडीवर ठेवून बसून राहिली, नळी हाताला गार लागेपर्यंत. एक छर्रा मारला. पुन्हा थांबली. पहिल्या दोनांवरून तिला कळलं की थंड नळी थोडी वर आणि डावीकडे मारते, नेहमी तेवढीच. तिने नेम तेवढा खाली उजवीकडे धरला. पिकअपचं इंजिन बाईंनी बंद केलं. उजेड आला, शेजारच्या मेपलच्या झाडावर पक्षी बोलायला लागले, आणि ती नळी थंड करत, एकेक छर्रा मारत बसली. नेम बदलल्यानंतरचे पाचही गोलात गेले. मग ती उठली, पँट झटकली आणि म्हणाली, "नाऊ वी गो?"

बाईंनी डिश गठ्ठ्यावरून काढली आणि घडी न घालता गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. मी दोघींना हात केला. दोघींचंही लक्ष नव्हतं.

दुपारी त्या परतल्या तेव्हा पत्नीच्या पिशवीत एक खार होती. एकच. सकाळभरात तिने एकच छर्रा उडवला होता. बाईंनी दोन मारल्या होत्या, आणि त्या मला सांगत होत्या की हिने किती वेळा रायफल उचलून खाली ठेवली: फांदी आड आली, डोकं फिरलं, अंतर जास्त. "मी तिला म्हटलं, मार ना! तर म्हणते, नॉट शुअर, मॅम. माझ्या नवऱ्याला हे आयुष्यभर जमलं नाही." बाईंनी खार सोलायला शिकवलं. अर्धी त्यांच्या ग्रेव्हीत गेली, अर्धी आमच्या तिखट रश्श्यात.

फ्लोरिडाला निघण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी आमच्या दाराची बेल वाजवली. हातात मोठा कॉफीचा डबा, गच्च भरलेला, जड. वर्षानुवर्षांचे सुटे छर्रे, सगळ्या प्रकारचे, एकात मिसळलेले.

"माझे," त्या पत्नीला म्हणाल्या. "मी परत येईपर्यंत निवडून ठेवशील? माझ्या रायफलला कुठले चालतात ते तू ठरव."

तिने तो डबा दोन्ही हातांनी घेतला. त्या हिवाळ्यात तिने निवडायला सुरुवात केली. वसंतात बाई आल्या तेव्हा पहिली बाटली तयार होती, आणि पुढच्या नोव्हेंबरात दोघी पुन्हा गेल्या, त्याच्या पुढच्याही. बाई दरवर्षी डब्यात आणखी छर्रे आणून ओतत, त्यामुळे तो कधी खाली जात नसे. आम्ही दोन घरं बदलली. डबा सोबत आला. आता तिच्या हाताला संधिवात आहे, आणि ताट तिरपं धरायचं काम माझ्याकडे आलं आहे, ती शेजारी बसून 'हा बाद, हा ठेव' सांगते. डब्यात आता कुणी भर घालत नाही; तळाच्या दोन-तीन मुठी अजून निवडायच्या आहेत. या शनिवारच्या कामांत ते सर्वात वर लिहिलं आहे.