हजार रतलांची गाडी

बाबांनी लष्कराच्या लिलावातून पिकअप घेतली, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि घरातला सगळा इंग्रजी मजकूर वाचण्याचं काम माझ्याकडे होतं. गाडीच्या दाराच्या आतल्या अंगाला पत्र्याची एक पट्टी ठोकलेली होती. मी ती पुसून मोठ्यानं वाचली. या गाडीवर हजार रतलांपेक्षा, म्हणजे पौंडांपेक्षा, जास्त भार घालू नये, आणि भारात माणसंही धरावीत.

"माणसंही?" आई म्हणाली. तिला हा माणसांचा अपमान वाटला.

बाबा पुण्याचे. सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. तिथे दुसऱ्यांच्या यंत्रांवर किती भार येईल हे ते ठरवत आणि त्या आकड्यांपुढे वरिष्ठांचंही चालत नसे. आई मात्र बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरातली. तिच्या माहेरी वजनाची दोनच मापं होती, स्वल्प आणि पुष्कळ. तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा, ज्याला सगळी बसवनगुडी अण्णा म्हणे, तो काहीही उचलायला लागला की आधी "स्वल्पच आहे" म्हणायचा. कपाट उचलतानाही.

बाबांनी पिकअपच्या पाठीवर प्लायवूडची एक खोली बांधली. दोन बाकं, एक जाळीची खिडकी आणि पुढच्या सीटशी बोलता यावं म्हणून एक लहानशी चौकट. मामानं कुठून तरी दोन चाकांचा ट्रेलर आणला. या सगळ्या लवाजम्यानं जगभर फिरायचं असं बाबांच्या मनात होतं. आईनं ते जग तुमकूरच्या बाजूच्या एका टेकडीपर्यंत आणलं, कारण त्या टेकडीवरच्या नरसिंहाचा नवस फेडायचा राहिला होता.

नवस माझ्यासाठी होता. आदल्या वर्षी मला विषमज्वर झाला तेव्हा आईनं बोलून ठेवलं होतं की पोरगी उठली तर तिच्या भाराइतका गूळ वाहीन. म्हणजे देवळाच्या मंडपात मोठी तागडी टांगलेली असते, तिच्या एका पारड्यात मी मांडी घालून बसायचं, दुसऱ्यात गूळ रचायचा आणि दोन्ही समान होईपर्यंत यात्रेकरूंनी बघत राहायचं.

मी मठासारख्या शिस्तीच्या इंग्रजी शाळेत वाढलेली. वर्गात नाव पुकारलं तरी माझे कान तापत. माझं वजन हा माझा आणि सिटी स्टेशनवरच्या नाणं टाकायच्या यंत्राचा खाजगी व्यवहार होता. त्या यंत्रानं दिलेलं पुठ्ठ्याचं तिकीट मी वहीत जपून ठेवलं होतं. एका बाजूला ब्याण्णव रतल छापलेलं होतं. दुसऱ्या बाजूला भविष्य होतं, त्यात म्हटलं होतं की मी स्वभावानं सरळ आणि सत्यप्रिय आहे.

निघायच्या आधीच्या रविवारी बाबा हिशेबाला बसले. ते आणि मामा लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर उभे राहून आले होते. आईनं सरपणाच्या काट्यावर चढायला नकार दिला.

"लग्नात अठ्ठ्याण्णव होते," ती म्हणाली. "तेच लिहा."

"लग्नाला बावीस वर्षं झाली," बाबा म्हणाले.

"मग काय झालं? मी तीच आहे ना?"

बाबांनी अठ्ठ्याण्णव लिहिलं. माझ्या माहितीत त्यांनी न तपासता लिहिलेला तो पहिला आकडा. खोली, माणसं, अंथरुणं, स्टोव्ह, पाण्याचा पिंप. मग त्यांनी मला समजावलं की ट्रेलरचा भार सगळाच त्याच्या चाकांवर जात नाही, जोडणीच्या आकड्यावर, म्हणजे हुकावर, दहावा हिस्सा टेकतो, आणि तो पिकअपच्या खात्यात धरावा लागतो. ट्रेलरमध्ये गूळ होता, म्हणून माझं वजन त्या कागदावर दोनदा येत होतं. एकदा मी म्हणून, एकदा गूळ म्हणून.

"तुझं तू लिही," म्हणत त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि ते चष्मा पुसायला लागले.

मला बेरीज येत होती. ब्याण्णव लिहिलं तर एकूण नऊशे नव्वद होत होते आणि गाडी सुटत होती. बाबा हजाराच्या वर एक रतलही जाऊ देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. भार वाढला तर गूळ उतरेल, नवस पुढच्या वर्षावर जाईल आणि पुढच्या वर्षी मी कुठेतरी वसतिगृहात असेन. मी सुवाच्य अक्षरात एकशे वीस लिहिलं.

बाबांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे. आईला इंग्रजी येत नसलं तरी आकडे येत होते. ती वाकून म्हणाली, "एकशे वीस? अंग धरलंय पोरीनं. देवाची कृपा."

"एकवीस रतल जास्त होतात," बाबा म्हणाले.

बाबांनी पेन्सिलीनं पिंप खोडला आणि ट्रेलरच्या रकान्यात लिहिला. बेरीज नऊशे पंच्याऐंशीवर आली. गाडी सुटली. इंजिनिअरचा नियम आपण मोडू शकत नाही हे मला कळत होतं, पण तो नियम इतका लवचीक असेल हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आईनं तो आकडा एका चिठोऱ्यावर उतरवून मामाच्या हातात दिला. नुसता आकडा, एकशे वीस. गूळ आणण्याचं काम त्याचं होतं.

पहाटे बाबा गाडी काढायला गेले तेव्हा ट्रेलरवर ताडपत्री बांधून झालेली होती. मामा घाम पुसत होता.

"फार झालं का सामान?" बाबांनी विचारलं.

"नाही हो दाजी. स्वल्प."

गूळ उन्हानं पाघळू नये म्हणून मामानं तो ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, सावलीच्या बाजूला, अगदी जोडणीच्या आकड्याशी रचला होता. पिकअपचं बूड खाली गेलं होतं आणि नाक वर. दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. बाबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खिशातून कागद काढला आणि सगळी बेरीज पुन्हा केली.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले. "स्प्रिंगा जुन्या असणार."

तुमकूरच्या सपाट रस्त्यावर स्टिअरिंग फार हलकं लागतंय म्हणून बाबा कुरकुरत होते. टेकडीचा चढ सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर गाडी थांबली. इंजिन गुरगुरलं, पण चाकं पुढे जाईनात. बाबांनी आम्हाला उतरायला सांगितलं. आई, मी आणि मामा चालायला लागलो. मामाच्या हातात मोठा दगड होता. गाडी थांबली की तो पळत जाऊन मागच्या चाकाखाली लावायचा. गूळ गाडीतून वर चालला होता, आणि ज्या मुलीच्या भाराचा तो गूळ होता ती धुळीतून मागे पायी येत होती. या चढावर माझे एकदोन रतल नक्की कमी झाले असतील. ते कुणी कागदावर घेतले नाहीत.

देवळाशी ताडपत्री सोडली. आत गुळाच्या बारा ढेपा होत्या. बाबांनी त्या बोटानं मोजल्या.

"अण्णा, एक ढेप केवढ्याची?"

"दहाची."

"दहा काय?"

"दहा किलो. बारा दाहे एकशे वीस. चिठ्ठी बघून घेतलंय, एक कमी नाही." बाबांचा चेहरा पाहून मामानं धीर दिला. "दाजी, किलो म्हणजे नवा रतलच हो. सरकारनं नुसतं नाव बदललंय."

बाबा ट्रेलरच्या दांडीवर खाली बसले. किलो येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि बाजारातले जुने लोक अजून तोंडात एक माप आणि तागडीत दुसरं ठेवत. पण अडीचशेहून जास्त रतलांचा गूळ त्यांनी स्वतः घाट चढवून आणला होता.

मी पारड्यात बसले. डोळे मिटले तर लोकांना भक्ती वाटेल म्हणून मिटले. पुजारी ढेपा ठेवत होते. चौथ्या ढेपेला माझं पारडं जमिनीवरून सुटलं. मग देवळातले मुठीएवढे गुळाचे ठोकळे, एकेक करून. काटा सरळ झाला.

"सरी," पुजारी म्हणाले. म्हणजे झालं, बरोबर.

"इतक्यात?" आई म्हणाली. उरलेल्या आठ ढेपांकडे पाहून ती माझ्याकडे वळली. बाकीची मुलगी मी वाटेत कुठे सांडली असं तिच्या नजरेत होतं. "ही एकशे वीस होती."

तेव्हा बाबांनी सगळ्यांना किलो आणि रतल समजावून सांगितले. मंडपातले लोक हसले, आई हसली, मामाही थोड्या वेळानं हसला. मीही हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच. एवढी मोठी चूक समोर असताना माझी लहान चूक कुणाला दिसणार नव्हती.

पण बाबांनी खांबाला टेकून कागद काढला होता. चार ढेपा, वर दोन किलोचे ठोकळे, बेचाळीस किलो. त्यांची पेन्सिल गुणाकार करत खाली आली आणि ब्याण्णवाशी थांबली. मग ती वर, माझ्या सुवाच्य अक्षरांपर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

उतरताना उरलेला गूळ देवळाच्या स्वयंपाकघरात ठेवून, फक्त एक ढेप प्रसाद म्हणून घेतली. मामा आणि आई मागच्या खोलीत बसले. मला बाबांनी पुढे बसवलं. गाडी सुरू करण्यापूर्वी त्यांनी कागदाची कोरी बाजू वर करून पेन्सिल माझ्या हातात दिली.

"परतीचा हिशेब," ते म्हणाले. "आधी तुझं."

मी ब्याण्णव लिहिलं. या वेळी अक्षर तितकं सुवाच्य आलं नाही.

मागच्या चौकटीतून आईचा आवाज आला. "काय लिहिलं हो तिनं?"

बाबांनी कागद घडी करून खिशात घातला. "रतलात आहे," ते म्हणाले. "आता तुला कळायचं नाही." मग माझ्याकडे न बघता, बेंगळुरात इतकी वर्षं राहूनही जो कानडी शब्द त्यांनी कधी तोंडी घेतला नव्हता तो त्यांनी घेतला. "सरी." आणि गाडी गिअरमध्ये टाकली.