गेवराईत बसून ओळखलेली साळुंकी

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे साडेसात. गेवराईत ओसरीवर मी आणि बायको. फोनच्या पडद्यावर ऑस्ट्रेलियातून मुलगा, पिंजरा दाखवत.

"आबा, ही साळुंकीच हाय का? नीट बघून सांगा."

त्याच्या अंगणात एक पक्षी नातवाच्या डोक्यावर झडप घालायचा. शेजाऱ्यानं सापळ्याचा पिंजरा दिला, त्यात एक सापडला. तिकडं आपली साळुंकी बाहेरून आलेली, उपद्रवी; तिला धरून जनावरांच्या डॉक्टरकडं मारायला नेतात. पण तिच्यासारखाच दिसणारा तिथला मूळचा एक भांडखोर, मध खाणारा पक्षी आहे, नॉइझी मायनर. तो मारणं गुन्हा. आणि मुलाचे तिथं कायम राहण्याचे कागद सरकारकडं पडलेले.

मी पाहिलं. चोच पिवळी, पाय पिवळे, डोळ्यामागं पिवळं, डोकं काळं.

"साळुंकीच बे. जल्मभर बघतोय."

"चष्मा लावा आधी," बायको म्हणाली. "परवा शेजारची म्हैस आपली म्हणून हाकीत आणली तुमी."

पक्षी डॉक्टरकडं नेतो म्हणून मुलानं फोन ठेवला.

चहा घेताना समोर त्याच म्हशीमागं दोन साळुंक्या चालल्या होत्या, पायापुढं पाय टाकत. अंग तपकिरी. एक उडाली, पंखात पांढरा पट्टा दिसला. फोनमधला पक्षी सिमेंटसारखा करडा होता, कपाळ पांढरट, आणि पिंजऱ्यात टुणटुण उड्या मारत होता. साळुंकी चालते. पण आम्ही ती जनावरांमागं बघणारी माणसं. पिंजऱ्यात पक्षी दिसला तेव्हा मी नुसता पिवळा रंग धरला.

फोन लावला. उचलेना. परत लावला. पोराची नोकरी, नातवाची शाळा, सगळं माझ्या एका शब्दावर गेलं असतं.

शेवटी उचलला. "आबा, कावून सारखं लावताय? गाडीत कोंडलोय मी. पिंजरा उचलला की ह्याचं सगळं खानदान अंगावर येतंय. कानाला चोच मारून रक्त काढलंय."

"पक्षी जिता हाय का?"

"हाय की. पिंजरा अंगणातच टाकून पळालो."

"सोड त्याला. ती साळुंकी न्हाई."

तो म्हणाला, "तुमीच तर म्हणलात, जल्मभर बघतोय."

"मी चुकलो. सोड आधी."

गाडीतली बादली डोक्यावर पालथी घातली म्हणाला, फोन खिशात तसाच चालू. कडी वाजली, मग पक्ष्यांचा नुसता कल्ला.

"उडून गेला, आबा."

बायकोनं चष्मा आणून माझ्या हातात दिला.