एकाच बाजूनं घासलेली करवत

तंजावरचं राज्य कुंफणी सरकारनं खालसा केलं तसं राजवाड्यातलं सुतारकाम सुटलं, आणि मामंजी कुंभकोणमला येऊन देवळांची दारं करू लागले. मी त्यांची सून. त्यांची नजर गेल्याचं आधी मलाच कळलं, कारण पानातलं मीठ त्यांना दिसेना. लाकडावरची रेघ ते नखानं चाचपून कापत, पण करवतीचे बारीक दाते घासायला डोळेच लागतात. ही गोष्ट बाहेर कळली असती तर कामं गेली असती. म्हणून त्यांनी मला माजघरात बसवून कानस धरायला शिकवलं.

आमच्यात बाईनं हत्याराला हात लावायचा तो खंडेनवमीला, कुंकू लावण्यापुरता. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दाते आळीपाळीनं डावी-उजवीकडे कललेले असतात. एका बाजूनं एकाआड एक घासायचे, मग करवत फिरवून उरलेले. कानस किंचाळली की मामंजी म्हणत, जोर नको. महिन्याभरात ती किंचाळेनाशी झाली आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. एकदा ते जवळच्या दारासुरम गावी लाकूड आणायला गेले असताना मी करवत फिरवायचा कंटाळा केला आणि सगळे दाते एकाच बाजूनं घासून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी देवळाचे कारभारी ओट्यावर बसले होते. त्यांच्यादेखत करवत फणसाच्या फळीत रेघ सोडून डावीकडे गेली. आता तुमचं वय झालं, हे दार दुसऱ्याकडून करून घेतो, असं ते म्हणाले. मामंजींनी दात्यांवरून अंगठा फिरवला. चूक कुणाची ते त्यांना कळलं, पण त्यांनी करवत नुसती खाली ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी बाहेर आले आणि कारभाऱ्यांना तमिळमध्ये सांगितलं की करवत मी घासली, तीही चुकीची. मग तिथंच बसून सगळे दाते पुन्हा घासले, या वेळी करवत फिरवून. मामंजींनी नवी फळी घेतली. काप रेघेवरून शेवटपर्यंत सरळ गेला.

कारभाऱ्यांनी विचारलं, घरात तुम्ही असताना सून का घासते?

मामंजी आधी माझ्याकडे वळून आपल्या मराठीत म्हणाले, "आतां लपवून काय करायचं?" मग कारभाऱ्यांना तमिळमध्ये म्हणाले, "मला दिसत नाही. ती पाहते, मी कापतो."

कारभारी बराच वेळ कापावरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी त्याच दाराच्या पुढच्या फळीचं माप सांगितलं, आणि मी सगळ्यांसमोर रडले.