रबराच्या झाडाची बदली

बदलीवाल्यांचा धंदा साधा, पण त्यातली खोच बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. ते ऑफिसांना कुंड्या भाड्याने द्यायचे. लिफ्टशेजारी, साहेबांच्या टेबलामागे, जिथं ऊन पोचत नाही नेमकं तिथंच लोकांना टवटवीत झाड हवं असतं. म्हणून प्रत्येक झाडाचं एक जोडीदार झाड घरामागच्या अंगणात असायचं. एक कामावर, दुसरं रजेवर. दर आठवड्याला टेम्पो जायचा आणि गुपचूप अदलाबदल व्हायची. ऑफिसातली माणसं कौतुकाने म्हणायची, "आमच्याकडे झाडं कशी मस्त जगतात!" बदलीवाले मान डोलवायचे, "तुमचा हातच चांगला हो," म्हणायचे आणि टेम्पोत बसल्यावर पोट धरून हसायचे.

लेकीला त्यांनी लहानपणीच सगळं शिकवलं होतं. झाडाला आपण जेवू घालत नाही, ते स्वतःचं स्वतः रांधतं. मुळं पाणी आणतात, पानं बारीक छिद्रांतून हवा घेतात आणि चूल म्हणजे ऊन. पानातला हिरवा रंग ते ऊन पकडतो, त्यावर पाण्याची नि हवेची साखर होते आणि वर आपल्या श्वासापुरती चांगली हवाही सुटते.

"आणि खत?" पोरीने विचारलं होतं.

"खत म्हणजे मीठ. नुसत्या मिठावर कुणाचं पोट भरलंय का?"

अंधारातलं झाड लगेच मरत नाही, हीच तर मेख. साठवलेलं खात ते दिवस काढतं. वरून छान, आतून उपाशी.

मग बदलीवाल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं. पुढे बोलणं बरंच सुधारलं, तेव्हा डॉक्टरांनी लेकीला बजावलं, "रोज चाकांच्या खुर्चीवर बसवून बाहेर काढा, माणसांत बसवा. नाहीतर हा माणूस खचत जाईल." पण बाबांनी रिकाम्या कुंड्या ठेवायची आतली खोली धरली. तिला खिडकी नाही, नुसती ट्यूबलाइट.

"लोकांना फुकटचा तमाशा कशाला?" म्हणाले. फक्त उशाशी एक रबराचं झाड मागून घेतलं.

धंदा आता लेक बघत होती. हाताला सवय, म्हणून ऑफिसांबरोबर तिने त्या झाडाचीही दर आठवड्याला बदली चालू ठेवली. आणि रोज बाबांची मनधरणी. एक दिवस ते वैतागून म्हणाले, "या झाडाकडे बघ. केव्हापासून इथंच आहे. त्याला काही झालंय? मग मलाच काय होतंय?"

लेक बघतच राहिली. आयुष्यभर गिऱ्हाइकांना मारलेली थाप हा माणूस आता स्वतःच्या पोरीला मारत होता, तीही बदली करणारीच्या तोंडावर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बरं," ती म्हणाली आणि त्या दिवसापासून तिने बदली बंद केली.

आधी काहीच झालं नाही. मग शेंडा दाराच्या फटीकडे वाकला. नवं पान फिकट आणि एवढंसं आलं. खालचं एक पिवळं पडून गळलं. लेकीचा जीव तुटत होता. धडधाकट झाड उपाशी ठेवायचं, हे त्या घरात पापच होतं. पण बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत, म्हणून तीही हटली नाही.

"पाणी कमी पडतंय का गं त्याला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पाणी भरपूर आहे. त्याला इथं बरं आहे, बाबा. तुम्हीच म्हणालात."

दुसरं पान थेट त्यांच्या पांघरुणावर पडलं. चांगल्या हातात ते धरून बाबा कितीतरी वेळ बघत बसले. मग ओरडले, "कार्टे, उपाशी मारतेस त्याला! ने बाहेर!" झटक्यानंतर त्यांचा एवढा मोठा आवाज घराने ऐकला नव्हता.

"कुंडी जड आहे. खुर्चीवरून नेता येईल, पण धरून बसायला कुणीतरी हवं." दिवसभर असल्या कुंड्या टेम्पोत चढवणारी बाई हे बोलत होती.

"बापाला शिकवतेस?"

"शिकवलं कुणी?"

बाबांनी पांघरूण बाजूला सारलं.

कुंडी मांडीवर, चांगला हात खोडाभोवती, अशी वरात अंगणात आली. शेजारचा शिंपी दारात मशीन चालवत होता. त्याने वर पाहिलं आणि बाबांनी मान खाली घातली.

"आलात का? बरं झालं," शिंपी म्हणाला. "तुमच्या पोरीचा टेम्पो सारखा माझ्या दारात उभा असतो. जरा बोला तिला." आणि पुन्हा कापड ओढायला लागला.

लेक खुर्ची उन्हात न्यायला लागली, तसे बाबा खेकसले, "एकदम कडक ऊन नको! आधी सावलीच्या जाळीखाली. उपाशीपोटी सोसत नाही." तिने दोघांनाही जाळीखाली ठेवलं आणि ती पाणी घालायला गेली.

थोड्या वेळाने हाक आली. आता आत न्यायला सांगणार, या धास्तीने ती धावली.

"कुंडी फिरव. एकाच बाजूला ऊन लागतंय."

तिने फिरवली.

"आता मला."

"काय?"

"मला फिरव. ही डावी बाजू अजून सावलीतच आहे."

तिने खुर्ची वळवली, ब्रेक लावला आणि डोळे धुवायला नळाकडे गेली.