शेऱ्याचा रकाना

माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात एक ओळ होती आणि तिचा मला फार अभिमान होता: ‘मराठी कुटुंबांची संगणकीय यादी, प्रत्यक्ष वापरात.’ झाशीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला जो तो ग्रंथालयाचा नाहीतर हॉस्पिटलचा प्रोजेक्ट करी, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या वर्षीची सीडी आणून तिच्यावर आपलं नाव घाली. मला ते कमीपणाचं वाटे. माझा प्रोजेक्ट माणसांनी खरोखर वापरायला हवा होता.

यादी मुळात एका वहीत होती. झाशीतले आम्ही मराठी लोक मूठभर. पिढ्यानपिढ्या इथलेच, बाहेर हिंदी, घरात जमेल तसं मराठी. पण गणपतीतल्या महाप्रसादाच्या आवतणाबाबत सगळे एकदम कडक. कोणीतरी घरी येऊन, कुंकू-अक्षता देऊन बोलावलं तरच जायचं, नाहीतर नाही. हे बोलावण्याचं काम रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले एक काका सायकलवरून करत. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, म्हणून मंडळाने माझ्या यादीला आणि मोबाइलवरच्या निरोपाला परवानगी दिली.

वही देताना काका म्हणाले, “बेटा, एक पण घर छूट जायला नको. लोग बोलत नाहीत, पण मनात ठेवतात.”

वही सायकल वळेल तशी लिहिलेली. प्रत्येक नावापुढे शेरा: कुत्रा आहे, फाटकातूनच हाक मारावी. दुपारी झोपतात. सूनबाईंना निराळं सांगावं. मी मैत्रिणींना ते वाचून दाखवून पोट धरून हसले. माझ्या तक्त्यात कुटुंबप्रमुख, पत्ता, मोबाइल आणि माणसं किती, एवढेच रकाने होते. शेऱ्याला जागा नव्हती. काकांनी बरीच नावं दोन-दोनदा लिहिली होती, म्हणून मी नियम घातला की एका पत्त्यावर एकच नोंद. दुसरी आली तर प्रोग्रॅम ती गाळून टाकील.

दतिया गेटजवळच्या एका पत्त्यापुढे काकांनी लिहिलं होतं, ‘जिन्याने वर जाऊन वेगळं आवतण.’ तो जिना मी नववीपासून बारावीपर्यंत रोज संध्याकाळी चढले होते. वर माझी आत्या राहायची, वडिलांची लांबची बहीण. लग्न केलं नव्हतं, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. खाली तिचा भाऊ. वाटणीवरून बिनसलं तेव्हापासून दोघांची चूल वेगळी, दार वेगळं, बोलणं बंद. वडील मला बी.ए.-बी.एड.ला घालायला निघाले होते तेव्हा कॉम्प्युटरचा फॉर्म तिनेच आणला आणि समोर बसवून भरून घेतला. यादी पुरी झाल्यावर मी एकूण किती नोंदी झाल्या ते तीनदा तपासलं. नावं एकदाही वाचली नाहीत.

महाप्रसादाच्या दिवशी मी मंडपात लॅपटॉप उघडून पदाधिकाऱ्यांना दाखवत होते, कुणाला निरोप गेला, कुणाला पोचला. पहिली पंगत बसली आणि पानात मीठ नाही म्हणून ओरड झाली. मीठ-लिंबू वाढायचं काम दरवर्षी आत्याचं असे. कुणीतरी मिठाचं भांडं शोधून आणलं आणि पंगत पुढे सरकली. मी पडद्यावर आत्याचं नाव शोधलं. नव्हतं. पत्ता घालून पाहिला, तर तिथे खालच्या भावाची एकच नोंद होती.

दुसऱ्या दिवशी जिना चढले. आत्याची चंदेरी साडी घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली होती.

“आत्या, काल आली नाहीस?”

“आवतण नाही आलं.”

“मेसेज गेला होता. तुझ्या भावाच्या मोबाइलवर, खाली.”

“खाली गेला असेल,” ती म्हणाली. “मी खालची कब से झाले? दोनपर्यंत तयार होऊन बसले होते मी.”

मी कानकोंडी झाले. दोन दिवसांत सुधारते म्हणून सांगितलं. ते दोन दिवसांचं काम नव्हतं. सगळा तक्ता पत्त्यावर बांधला होता, तो मुळापासून उसवावा लागला असता आणि आठ दिवसांवर कॅम्पस इंटरव्ह्यू होता. चालणारी गोष्ट ऐन वेळी मोडून बसले तर दाखवू काय? इंटरव्ह्यू झाला की करू, असं मी ठरवलं. खरं तर करायचंच नव्हतं, हे आज कबूल करते.

इंटरव्ह्यूत एका साहेबांनी विचारलं, जुन्या वहीतली माहिती साफ कशी केली? मी सांगितलं, नावं दुबार होती, माझ्या प्रोग्रॅमने ती आपोआप गाळली. साहेब खूश झाले. शेजारच्या बाईंना म्हणाले, ही मुलगी प्रॅक्टिकल आहे. गाळलेल्या नावांत एक माझ्या आत्याचं आहे हे बोलताना मला ठाऊक होतं. तरी जीभ अडखळली नाही, याची मला आजही लाज वाटते.

नोकरी लागली, मी बंगळूरला गेले. आत्याला पेढे आईच्या हाती पाठवले. स्वतः गेले नाही, तोंड चुकवलं.

चार वर्षांनी गणपतीत घरी आले तेव्हा कळलं की आत्या त्यानंतर एकदाही महाप्रसादाला आलेली नव्हती. काकांची सायकल बंद, वही कुठे गेली कुणाला माहीत नाही. यादी मात्र चालू होती. मी मंडळाच्या कॉम्प्युटरवर बसून आत्याचं नाव घातलं. पडद्यावर उत्तर आलं, ‘हा पत्ता आधीच नोंदला आहे.’ ते वाक्य माझंच होतं. तो नियम बदलायला लागणारी प्रोग्रॅमची मूळ प्रत कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर राहिली होती आणि ती मशीनं केव्हाच भंगारात गेली होती.

मग मी वाटीत कुंकू-अक्षता घेतल्या आणि जिना चढले. आत्याचे केस पांढरे झाले होते.

“उद्या महाप्रसादाला यायचं,” मी वाटी पुढे करून म्हणाले.

“मंडळाने भेजलं?”

“नाही. मीच आले.”

“मग हे आवतण नाही. तू भेटायला आलीस. बस, चहा ठेवते.”

वाटी मी टेबलावर ठेवली. चहा घेताना ती सहज म्हणाली, “तुझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत काय विचारलं गं? कभी बोलली नाहीस.”

खरं सांगायची तीच वेळ होती. इतकी जवळ परत कधी येणार नव्हती. मी म्हणाले, “गणित.”

“कोणतं?”

मी सुचेल ते एक उदाहरण सांगितलं. आत्याने चष्मा लावला, जुन्या लिफाफ्याची पाठ पुढे ओढली आणि ते सोडवायला घेतलं. पेन्सिल मध्येच थांबे, ओठ हलत, पुन्हा चालू होई. मी समोर बसून ते बघत होते आणि काही केल्या तिला थांबवता येत नव्हतं. उत्तर आल्यावर तिने त्याखाली दोन रेघा ओढल्या, शाळेत ओढायची तशा.

“हे तर मी तुला दहावीतच शिकवलं होतं,” ती म्हणाली. खूप खूश झाली होती. “म्हणजे तुझी नोकरी माझ्यामुळे लागली, म्हण ना.”

मी हो म्हणाले. वाटीला तिने हात लावला नव्हता. निघताना ती मी परत घेऊन आले.