चोविसावी पाटी

मागच्या वर्षी याच ब्लॉगवर मी आदिलाबादजवळच्या एका विद्यापीठाची बाग पाहून या, असे लिहिले होते. वाचक अजून रस्ता विचारतात. ती बाग आता नाही, आणि त्यात माझी चूक आहे. म्हणून हे लिहिते आहे.

बाग माझ्या वर्गमैत्रिणीची, सुमनची. ती तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायची. टँकरचे पाणी पिणारी हिरवळ काढून तिने त्याच भागातली गवते, तरवड, धायटी, निरगुडी लावली. उन्हाळ्यात गवत पार वाळायचे, पावसात आपोआप उठायचे. माझे अक्षर चांगले म्हणून नावांच्या चोवीस पाट्या तिने मला लिहायला सांगितल्या. तेवीस लिहून झाल्या. एका गवताला पुस्तकात पवन्या म्हणतात, तिकडचे लोक शेडा. नक्की ठरेपर्यंत एकही पाटी लावायची नाही, असे मी तिला बजावले. दोन वर्षे पाट्या माझ्याच माळ्यावर राहिल्या. या फेब्रुवारीत सुमन गेली.

दिवाळीनंतर पाट्या घेऊन निघाले. पांढरकवड्याहून सकाळची बस धरावी. रस्ता उत्तम, दोन्हीकडे कापूस फुटलेला. पैनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद फार लांब नाही. कंडक्टरने गठ्ठा पाहून विचारले, "मावशी, इलेक्शनले उभ्या राहून राह्यल्या का?" स्टँडबाहेर इडली गरम मिळते. पुढे शेअर ऑटो. भाडे आधी ठरवा.

फाटकाशी उतरले तेव्हा ऑटोवाल्याने चुकीच्या जागी आणले असे वाटले. आत विकतची हिरवळ, शोभेचे पाम, आणि पाणी सोडत उभा टँकर.

माळी मारोतीभाऊ तिकडच्याच वांकिडीचे, घरी मराठी बोलणारे. माझी ओळख सांगितल्यावर त्यांनी पाइप गुंडाळून ठेवला. मग सांगितले. मे महिन्यात नव्या साहेबांचा हुकूम आला: 'पिच्ची मोक्कलु' काढा. तेलुगूत वेडी झाडे, म्हणजे तण.

"मी सांगलं, हे सुमनबाईचं हाय. साहेब म्हने, कुठं लिवलं हाय?" ते म्हणाले. "मंग ट्रॅक्टर लावून माह्याच हातानं काढलं."

मी गठ्ठा सोडला. कोरी पाटी पुढे करून त्या गवताचे नाव विचारले.

"आमी शेडाच म्हणतो. सुमनबाईबी शेडाच म्हने. येवढ्यासाठी दोन साल थांबल्या काय तुमी?"



पंपघरामागे, जिथे ट्रॅक्टर वळत नाही, तिथे शेड्याचे एक ठोंब उरले होते. रंग आणि कुंचला मी बरोबर नेला होता. तिथेच बसून नाव लिहिले. अक्षर चांगले आले नाही. मारोतीभाऊंनी खड्डा खणला.

संध्याकाळच्या बसने परतले. माळ्यावर पाट्यांच्या मापाची जागा धुळीत अजून उमटलेली आहे. ती मी पुसलेली नाही.

सुपूर्द: नावांच्या पाट्या चोवीस, मारोतीभाऊंच्या हाती. लावली, एक. उरलेल्या तेवीस पंपघरात, भिंतीला टेकवून.